शब्द एकाचा, खर्च दुसऱ्याचा
(वरंध येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. त्यानंतर कोणाचे पेन्शनचे प्रकरण अलिबागला, जिल्हा परिषदेत, अडकले की सेवापुस्तकाची नक्कल घेऊन माणसे त्यांच्या पडवीत येत, असे आयोजकांनी मला सांगितले. तेव्हा आजचा विषय शोधायला मला लांब जावे लागले नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. माझी नोकरी स्थानिक निधी लेखापरीक्षेत झाली. ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांच्या वह्या तपासणे हे माझे काम होते, आणि आज मी जुनी पेन्शन घेतो. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देणाऱ्यांपैकी मी एक आहे. माझ्या बोलण्यात माझा स्वार्थ कुठे डोकावतो ते तुम्ही ताडून पाहा.

पेन्शनवर आपल्याकडे दोन तऱ्हेने बोलले जाते. एक म्हणतो, सरकारी नोकरांनी तिजोरी खाल्ली. दुसरा म्हणतो, आमदार-खासदारांना पेन्शन चालते, मग आम्हालाच का नको? दोन्ही बोलण्यांत राग खरा आहे, पण हिशेब नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. पेन्शन हा शब्द आहे, दिलेला शब्द. तो देतो मुंबईतला मंत्री, घेतो संघटनेचा सरचिटणीस, आणि तो पाळायचा असतो अजून निवडून न आलेल्या सरकारने, अजून मिसरूड न फुटलेल्या करदात्याच्या पैशांतून. शब्द देताना त्यासाठीचा पैसा त्याच दिवशी बाजूला काढला नाही, तर तो शब्द पुढे कोणाच्या तरी अंगावर येतो. बहुतेक वेळा तो सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाच्या अंगावर येतो.

डोंगरातली पेन्शन

या भागाला पेन्शन नवी नाही. महाड तालुक्यातले फौजी आंबवडे पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसे पाठवत आले आहे. गावाच्या नावातच फौज आहे. पलीकडे दापोलीचा कॅम्प लष्करी पेन्शनरांची वस्ती म्हणूनच ओळखला जाई. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीला आले ते दरमहा ५० रुपयांची पेन्शन घेऊन. पुढे साताऱ्याला त्यांनी नोकरीही केली, पण घराला बुड होते ते त्या पन्नास रुपयांचे. त्यांचा धाकटा मुलगा एल्फिन्स्टन कॉलेजपर्यंत शिकला त्यामागे बापाची जिद्द होती, आणि दर महिन्याला न चुकता येणारी ती रक्कमही होती. नियमित येणाऱ्या लहान रकमेने एका पिढीत काय घडते, हे सांगायला भीमराव आंबेडकरांच्या घराहून दुसरे उदाहरण नको.

मात्र या खोऱ्यातली बहुसंख्य माणसे फौजेत गेली नाहीत, ती गिरणीत गेली. लालबाग-परळच्या खोल्यांत राहून त्यांनी मनिऑर्डरी पाठवल्या आणि त्यांवर इथल्या वाड्या जगल्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मागे घेतला गेला नाही, आणि गिरण्याही पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. चाकरमानी गावी परतला तो फंडाची थोडी रक्कम घेऊन, आणि कित्येकदा तीही अर्धवट. त्याच वाडीत त्याच वयाचा प्राथमिक शिक्षक महिन्याच्या महिन्याला पेन्शन घेत होता. दोघांनीही आयुष्य घासले होते. एकाचा मालक सरकार होते आणि दुसऱ्याचा गिरणी, एवढाच काय तो फरक. सरकारी पेन्शनबद्दल खेड्यात जो आदर आहे आणि जी असूया आहे, ती दोन्ही या फरकातून आली आहेत. संघटनेच्या मंडळींनी ती असूया समजून घेतली पाहिजे. तिला खोडसाळपणा म्हणून भागणार नाही.

चोपन्न दिवस आणि एक तारीख

महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या चळवळीला तिची ताकद खऱ्या अर्थाने कळली ती डिसेंबर १९७७ मध्ये. र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचारी, शिक्षक आणि जिल्हा परिषदांचे कर्मचारी संपावर गेले आणि तो संप ५४ दिवस चालला. मागणी होती केंद्राच्या दराने महागाई भत्त्याची. ज्या घरांत दोन महिने पगार आला नाही त्या घरांतल्या बायकांनी तो संप खरा लढवला, असे त्या काळची माणसे सांगतात. आज महागाई भत्ता केंद्रापाठोपाठ राज्यात जाहीर होतो ते आपल्याला साहजिक वाटते. ते साहजिक नव्हते.

त्यानंतर पाच वर्षांनी, १७ डिसेंबर १९८२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डी. एस. नकारा खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड पीठावर होते आणि निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिले. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना सुधारित सूत्राचा लाभ नाकारला होता, तो भेद न्यायालयाने रद्द केला. पेन्शन म्हणजे मालकाच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नव्हे, आधी केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, हे तत्त्व या निकालाने पक्के केले. म्हणूनच देशभरचे पेन्शनर १७ डिसेंबर हा आपला दिवस मानतात.

पण न्यायालय हक्क सांगते, तिजोरी भरत नाही. जुन्या पेन्शनची रचना कशी होती ती पाहा. शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम, तिच्यावर वेळोवेळी वाढणारा महागाई भत्ता, आणि माघारी कुटुंब निवृत्तिवेतन. कर्मचाऱ्याच्या पगारातून यासाठी काहीही कापले जात नव्हते आणि सरकारही त्याच्या नोकरीच्या काळात काही बाजूला ठेवत नव्हते. त्या त्या वर्षीची पेन्शन त्या त्या वर्षीच्या महसुलातून जाई. भरती जोरात आणि निवृत्त कमी, असे होते तोवर हे खपून गेले. पुढे भरती आटली, माणसे जास्त वर्षे जगू लागली, आणि ताळेबंदाच्या दोन बाजूंमधली तफावत वाढत गेली.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक शिक्षिका ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्या. शेवटचे मूळ वेतन ८०,००० रुपये, म्हणजे पेन्शन ४०,०००. देवाच्या कृपेने त्या ८० वर्षे जगल्या. महागाई भत्ता पूर्ण सोडून दिला तरी बावीस वर्षांत त्यांना १ कोटी ५ लाख ६० हजार रुपये द्यावे लागतील. भत्ता धरला की ही रक्कम कितीतरी वाढते. बाईंनी एक पैसाही आगाऊ मागितलेला नाही. नेमणुकीच्या दिवशी सरकारनेच तसा शब्द दिला होता. प्रश्न इतकाच, की त्यांच्या नोकरीच्या तीस-पस्तीस वर्षांत या रकमेची तजवीज कोणत्या अर्थसंकल्पात दिसली? कुठल्याच नाही.

यावर उपाय म्हणून केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या भरतीला जुनी पेन्शन बंद केली. लष्कर यातून वगळले गेले. नव्या कर्मचाऱ्याच्या पगारातून दहा टक्के कपात, सरकारचे दहा टक्के (पुढे ते चौदा झाले), आणि साठलेल्या पुंजीतून मिळेल तेवढी पेन्शन, अशी ही परिभाषित अंशदान योजना. आपण तिला डीसीपीएस म्हणतो. पैसा रोजच्या रोज बाजूला काढायचा हे तिच्यातले तत्त्व बरोबर होते. अंमल मात्र वाईट झाला. कपात होत होती, पण हिशेबाची चिठ्ठी मिळत नव्हती. सरकारचा हिस्सा खात्यावर चढला की नाही हे गुरुजींना वर्षानुवर्षे कळत नव्हते. सर्वांत कठोर गोष्ट पुढची. नोकरीत असताना माणूस दगावला तर त्याच्या विधवेला जुन्या योजनेत कुटुंब निवृत्तिवेतन होते, नव्या योजनेत ते उरले नाही. एकाच शाळेत शेजारच्या वर्गांवर शिकवणारे दोन शिक्षक. एकाची नेमणूक ऑक्टोबर २००५ ची, दुसऱ्याची डिसेंबरची. दोघेही पावसाळ्यात त्याच घाटाने, त्याच दरडींखालून शाळेत जातात. अघटित घडले तर मार्च २०२३ पर्यंत एकाच्या घराला आधार होता आणि दुसऱ्याच्या घराला फक्त जमलेली पुंजी. या अन्यायाने चळवळीला जी धार दिली ती कोणत्याही भाषणाने दिली नसती.

मार्च २०२३

१४ मार्च २०२३ रोजी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ अशी घोषणा देत राज्यातले लाखो कर्मचारी संपावर गेले. शाळा बंद, तहसील ओस, दवाखान्यांत रांगा. त्याच आठवड्यात राज्याच्या बऱ्याच भागांत अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली आणि पंचनाम्याला माणूस मिळेना. २० मार्चला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी चर्चा होऊन संप मागे घेतला गेला. या मागणीच्या विचारासाठी सुबोधकुमार, के. पी. बक्षी व सुधीरकुमार श्रीवास्तव या निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती त्याआधीच नेमली गेली होती.

संपातून काहीच हाती लागले नाही, अशी हळहळ मी तेव्हा ऐकली. ती खरी नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने, नव्या योजनेतल्या कर्मचाऱ्यांना सेवेत मृत्यू आल्यास कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) लागू झाले. माझ्या मते त्या सात दिवसांची ती सर्वांत न्याय्य कमाई आहे. पुढे जानेवारी २०२४ मध्ये, ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची पण नेमणूक नंतरची, अशा सुमारे २६,००० कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तिचा स्वीकार केला. पंचवीस वर्षे सेवा झाल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे, कुटुंबाला त्याच्या साठ टक्के, आणि दहा वर्षे सेवा असली तरी किमान दहा हजार. कर्मचाऱ्याचे दहा टक्के आणि सरकारचे साडेअठरा. निम्म्या पगाराची हमी जुन्या योजनेतली, कपात नव्या योजनेतली. मधला मार्ग म्हणून तो वाईट नाही.

मात्र हे सगळे घडत असताना राज्यकर्त्यांची भाषा कशी फिरत गेली तेही आठवून पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस म्हणाले होते, की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. पुढच्याच महिन्यात शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका लागल्या आणि आम्ही या मागणीबाबत नकारात्मक नाही, असा सूर निघू लागला. हा एका पक्षाचा दोष नव्हे. राजस्थान, छत्तीसगड, हिमाचल या राज्यांत दुसऱ्या पक्षाने जुनी पेन्शन परत आणून किंवा तसे आश्वासन देऊन मते मागितली. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या पत्रिकेतल्या अभ्यासाने सांगितले, की सर्व राज्ये मागे फिरली तर पेन्शनचा एकूण भार नव्या योजनेच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो. या भाराचा कळस मात्र आजच्या मंत्रिमंडळांच्या काळात येत नाही, तो काही दशकांनंतर येतो. राजकारणात याहून सोयीचा सौदा नाही. टाळ्या आज आणि देणे नंतर.

पाण्याची वाट आणि पैशाची वाट

आता मुंबईतून खाली उतरू. तुमच्या ग्रामपंचायतीचा या सगळ्याशी काय संबंध?

हा संबंध सर्वांत आधी नीट मांडला तो, योगायोग पाहा, महाडच्या सत्याग्रहाच्या नेत्यानेच. बाबासाहेबांचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. कोलंबिया विद्यापीठासाठी केलेला तो प्रबंध. १८७० साली लॉर्ड मेयो यांनी तुरुंग, पोलीस, शिक्षण, रस्ते अशी खाती प्रांतांकडे सोपवली. त्यांच्यासोबत रक्कमही दिली, पण आजवरच्या खर्चापेक्षा थोडी कमी करून. उरलेले प्रांतांनी स्थानिक करांतून भागवावे, अशी ती योजना. नेमून दिलेली रक्कम, मग नेमून दिलेले महसूल, मग वाटून घेतलेले महसूल, असे पुढचे टप्पे त्या ग्रंथात सविस्तर येतात. वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सारख्या आपल्या नगरपरिषदेच्या वह्या येत होत्या. काम पूर्ण खाली येते, पैसा थोडा कमी येतो. दीडशे वर्षांत ही चाल बदललेली नाही.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका जिल्हा परिषदेच्या झाल्या, पण त्यांचा पगार आणि पेन्शन राज्याच्या अनुदानातून येते. वेतनश्रेणी राज्य ठरवते, महागाई भत्ता राज्य ठरवते, भरतीला परवानगी राज्य देते. अलिबागच्या हाती उरतो तो वेळेवर बिल पाठवण्याचा अधिकार, आणि अनुदान उशिरा आले की पेन्शनरांची बोलणी खाण्याचा. २०२२ पासून काही वर्षे तर तिथे निवडून आलेले सदस्यही नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. मग जाब तरी कोणाला विचारायचा?

नगरपरिषदेचे दुखणे आणखी वेगळे. १९९९ साली राज्यातल्या नगरपरिषदांची जकात बंद झाली. हातातला रोकडा कर गेला आणि त्याच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. नाक्यावरची भांडणे मिटली हे चांगले झाले, पण उत्पन्नाची दोरी मंत्रालयात गेली. वेतन आयोग लागला की शहरातल्या कायम कर्मचाऱ्याचा पगार वाढतो आणि निवृत्तांचे देणेही वाढते. अनुदान त्या वेगाने वाढले नाही तर उरलेला भाग स्वनिधीतून, म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टीतून काढावा लागतो. महाडसारख्या शहरात, जिथे सावित्री नदीचे पाणी बाजारपेठेत शिरते आणि जुलै २०२१ सारख्या पुरानंतर व्यापाऱ्याला वर्षभर मान वर काढता येत नाही, तिथे घरपट्टी वाढवा म्हणणारा नगरसेवक पुन्हा निवडून येईल का? कारखाने आहेत ते औद्योगिक वसाहतीत, शहराच्या हद्दीबाहेर.

ग्रामपंचायतीत तर पेन्शनचा प्रश्नच नाही, कारण पेन्शनच नाही. ग्रामपंचायतीने कर्मचाऱ्यांवर उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपर्यंतच खर्च करावा, असा नियम. उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि किरकोळ कर. निम्मी घरे वर्षभर कुलूपबंद आणि मालक ठाण्या-मुंबईला, अशा वाडीची घरपट्टी किती जमणार? किमान वेतनाचा काही वाटा राज्य उचलते, पण तो लोकसंख्येवर आणि करवसुलीवर अवलंबून. वसुली झाली नाही की पाणी सोडणाऱ्या शिपायाचा पगार अडतो. केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी थेट पंचायतीच्या खात्यावर येतो खरा, पण त्यातून पगार किंवा आस्थापनेचा खर्च करता येत नाही. नळयोजना बांधायला पैसा आहे, ती चालवणाऱ्या माणसाला नाही. पोलादपूर तालुक्यात पावसाळ्यात आभाळ फाटते आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांना टँकर लागतो, याची कारणे अनेक आहेत. बांधलेल्या योजना चालवायला कायमचा माणूस नसतो, हे त्यातले एक. त्यावर फारसे कोणी बोलत नाही.

मुंबईत झालेला ठराव आणि गावात होणारा अंमल यांच्यातले अंतर महाडला कोणी शिकवायला नको. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले, तळ्यावर काहीच बदलले नाही. ठराव मानणार नाहीत त्या संस्थांचे अनुदान रोखावे, असे बोले यांना १९२६ मध्ये पुन्हा मांडावे लागले, आणि शेवटी २० मार्च १९२७ ला माणसांनीच जाऊन ओंजळीने पाणी घेतले. त्या लढ्याच्या तोलामोलाची गोष्ट दुसरी नाही आणि पेन्शनशी मी तिची तुलना करत नाही. पण ठराव पास करणे आणि तो पार पाडायची ताकद खालच्या संस्थेत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या मातीला शंभर वर्षांपूर्वीच कळले होते.

ज्यांची नावे हजेरीपटावर नाहीत

खर्च वाढला की सरकार काय करते? दिलेला शब्द मोडत नाही, कारण न्यायालय आहे आणि संघटना आहे. ते नवा शब्द देणेच थांबवते. कायम जागा रिकामी ठेवते आणि तिच्यावर ठेक्याने माणूस लावते. महापालिकांना आस्थापना खर्चासाठी ३५ टक्क्यांची मर्यादा घातली, तर सफाईचे काम ठेकेदाराकडे गेले. ठेकेदाराचे बिल आस्थापनेत धरले जात नाही. ६ सप्टेंबर २०२३ ला तर बाह्य यंत्रणांमार्फत सरसकट कंत्राटी भरतीचा शासन निर्णयच निघाला. ओरड झाली आणि पुढच्या महिन्यात तो रद्द झाला. निर्णय गेला, पद्धत राहिली.

एके काळी याच्या उलट दिशेनेही राज्य चालले होते. सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या मैलकुलींना, रोजंदारीवरच्या माणसांना, १९६७ च्या कालेलकर कराराने सलग पाच वर्षे सेवेनंतर रूपांतरित नियमित आस्थापनेवर घेतले जाई आणि पुढे पेन्शनही मिळे. घाटरस्त्यावर गटार मोकळे ठेवणारा, पहिल्या पावसात दगड बाजूला करणारा तो मैलकुली आता कुठे दिसतो? वरंध घाट पावसाळ्यात बंद ठेवण्याचे आदेश निघतात आणि रस्त्याची निविदा निघते. रोज रस्त्यावर नजर ठेवणारा माणूस मात्र आस्थापनेतून गेला. खर्च वाचला असे दिसते. दरड आली की तो दहापट होऊन परत येतो. न केलेली दुरुस्ती आणि तजवीज न केलेली पेन्शन यांच्यात लेखापरीक्षक म्हणून मला फरक दिसत नाही. दोन्ही कर्जेच आहेत, फक्त वहीत नोंदलेली नाहीत.

अंगणवाडी सेविकांना पगार नाही, मानधन असते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्या उपदानाला पात्र आहेत असे सांगितले. तरीही उपदान, पेन्शन आणि वाढीव मानधनासाठी ४ डिसेंबर २०२३ पासून त्यांना पन्नास दिवसांच्या आसपास संप करावा लागला. एसटीचा चालक लोकांना सरकारी नोकर वाटतो, पण त्याची पेन्शन भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतली, जिची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल कोसळला आणि दोन एसटी प्रवाशांसह वाहून गेल्या. त्यांचे चालक-वाहकही याच व्यवस्थेतले. शासनात विलीनीकरण करा, या मागणीसाठी एसटीचा महिनोन्‌महिने चाललेला २०२१-२२ चा संप एवढा का पेटला, याचे उत्तर बऱ्याच अंशी या हजार रुपयांत आहे.

संघटनांच्या मित्रांना मी इथे थोडे कडू बोलणार आहे. तुमच्या मागण्यांच्या यादीत कंत्राटी कामगार असतो, पण तो तेराव्या-चौदाव्या क्रमांकावर. वाटाघाटीत पहिल्या दोन-तीन मागण्यांवर निकाल लागतो आणि बाकीच्यांवर ‘सकारात्मक विचार’ होतो. कायम कर्मचाऱ्याच्या पेन्शनचे मोल कंत्राटी पोर चुकवत असेल आणि ते पोर त्याच कर्मचाऱ्याच्या घरातले असेल, तर विजय कोणाचा झाला?

बाहेरचे दोन धडे

अमेरिकेत शहर दिवाळे काढू शकते. डेट्रॉइटने १८ जुलै २०१३ ला ते काढले. सुमारे १८ अब्ज डॉलरचे देणे होते आणि त्यात निवृत्तांचा मोठा वाटा. शहराच्या संग्रहालयातली चित्रे विकायला काढण्याची वेळ आली. देणगीदार संस्था आणि राज्य पुढे आल्याने चित्रे वाचली, पण सामान्य निवृत्तांची पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापली गेली आणि महागाईची वाढ बंद झाली. अलाबामातले प्रिचर्ड हे तर लहानसे गाव. तुमचा निधी २००९ मध्ये संपेल, असे त्याला काही वर्षे आधीच सांगितले गेले होते. कोणी काही केले नाही. सप्टेंबर २००९ मध्ये निवृत्तांचे धनादेश थांबले. पैसे देणे कायद्याने बंधनकारक होते, तरी थांबले.

आपल्याकडे नगरपरिषद दिवाळे काढत नाही. आपल्याकडे ती उशीर करते. उपदानाची फाइल फिरते, फरकाचे हप्ते लांबतात, रजेच्या रोखीकरणाला निधी उपलब्ध नसतो. सत्तरी गाठलेला सफाई कामगार कार्यालयाच्या पायऱ्या चढत राहतो. यालाही दिवाळेच म्हणायचे, फक्त त्याचा निकाल कोणत्याही न्यायालयात लागत नाही.

काय करता येईल

नुसते दुखणे सांगून मी उठणार नाही. चार गोष्टी सुचवतो.

पहिली. नगरपरिषद आणि जिल्हा परिषद यांच्या अर्थसंकल्पात एक पान असे असावे, की येत्या वीस वर्षांत कोणत्या वर्षी किती माणसे निवृत्त होणार आणि त्यांना किती द्यावे लागणार. माहिती सेवापुस्तकांत आहेच. जन्मतारखा बेरजेला बसवायच्या आहेत.

दुसरी. जो वेतनश्रेणी ठरवतो त्याने तिचा पूर्ण भार उचलावा. वेतन आयोग लागू करताना राज्याने नगरपरिषदांच्या पेन्शनच्या वाढीव रकमेची तरतूद त्याच निर्णयात करावी. तसे करायचे नसेल, तर स्थानिक संस्थेला वेतन आणि कर दोन्ही ठरवण्याचा अधिकार द्यावा. अधिकार एकीकडे आणि जबाबदारी दुसरीकडे, ही १८७० ची व्यवस्था आता पुरे.

तिसरी. डीसीपीएसच्या खात्यांचा हिशेब प्रत्येक कर्मचाऱ्याला दर वर्षी लेखी मिळाला पाहिजे. कपात पगारातून होते, तेव्हा पावती मागण्यात याचना कसली? एकीकृत योजनेची हमीसुद्धा सरकारचा हिस्सा दर महिन्याला खात्यावर चढला तरच टिकेल.

चौथी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी. निम्म्या पगाराच्या हमीची पुढची मागणी करण्याआधी ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा, अंगणवाडी सेविका, ठेक्यावरचा सफाई कामगार यांना किमान पेन्शनचा कायदा, ही संघटनांची पहिल्या क्रमांकाची मागणी व्हावी. र. ग. कर्णिकांच्या काळात राज्य कर्मचारी आणि जिल्हा परिषदेचा शिक्षक एका झेंड्याखाली आले म्हणून चोपन्न दिवस टिकता आले. पुढची चोपन्न दिवसांची ताकद कंत्राटी माणसाला बाहेर ठेवून येणार नाही. गावही त्या संपाच्या मागे उभे राहील, कारण त्यात गावातलीच माणसे असतील.

आणि ग्रामस्थांनो, तुमचेही काम आहे. घरपट्टी बुडवायची आणि नळाला पाणी नाही म्हणायचे, हे दोन्ही एका तोंडाने बोलता येत नाही. ग्रामसभेत रस्ता किती फूट झाला हे विचारता तसे, पाणी सोडणाऱ्याचा पगार किती महिने थकला आहे, हेही विचारा. निवडणुकीला कोणीही मते मागायला आला आणि अमुक पेन्शन, अमुक योजना देतो म्हणाला, तर त्याला बसवून तीन प्रश्न विचारा. शब्द तू देतोस, पण पैसे कोणत्या संस्थेच्या खात्यातून जाणार? त्यासाठी यंदाच्या अर्थसंकल्पात किती बाजूला काढलेस? आणि ज्यांची नावे कोणत्याच हजेरीपटावर नाहीत, त्यांचे काय? तिन्हींची उत्तरे आकड्यांत आली तर मत जरूर द्या. उत्तराऐवजी नुसती घोषणा आली, तर ती पूर्ण करण्याचा खर्च तुमच्याच नातवंडांच्या नावावर टाकला जाणार आहे, असे समजून चाला.